आठ पाकळ्यांची चांदणी आणि अर्धा सूत

ब्लाउज चांगला शिवणाऱ्या बाईचा हात अचूक असतो, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. चांगली शिवणारी बाई सांभाळून घेण्यात पटाईत असते. मुंढा किंचित मोठा कापला गेला तर बाही लावताना ती तो खाऊन टाकते, खांद्याची शिलाई जरा आत घेते, कटोरीला टक्स देताना उरलेली ओढ काढते. अंगावर चढलं की कापड शरीराप्रमाणं बसतं आणि सूतभराचा फरक कुणाच्या डोळ्यांत येत नाही. माझ्या शिवण क्लासला येणाऱ्या बहुतेक जणींचा हात या सांभाळून घेण्यावरच तयार झालेला आहे. त्यात कमी लेखण्यासारखं काही नाही, गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं.

हे प्रकरण अशाच एका बाईचं. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहतात, बरीच वर्षं घरीच ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको करतात. गल्लीत सगळे त्यांना वहिनी म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांची तक्रार नेमकी होती. कळीदार कुर्ता शिवला की कंबर कमी भरते, शेवटच्या दोन कळ्या उसवून माप काढावं लागतं. चेक्सचं कापड आलं की शिलाईवर चौकडा जुळत नाही. "कापताना समदं नीट असतंय बाई, शिवल्यावर कुठं जातंय कुणास ठाऊक," असं त्यांचं म्हणणं. जातं कुठं याचं उत्तर मला माहीत होतं, पण सांगून ते पटत नाही. म्हणून मी त्यांना एक अवघड गोधडी करायला सांगितली.

हीच का?

नमुना आठ टोकांच्या चांदणीचा. अमेरिकेत तो १९व्या शतकापासून केला जातो, तिथं त्याला 'लोन स्टार' म्हणतात. तिथल्या लाकोटा लोकांत अशी चांदणीची गोधडी जन्माला, लग्नाला आणि मयताला मानानं देतात. आठ मोठ्या पाकळ्या मधे एका बिंदूत येतात आणि प्रत्येक पाकळी लहान लहान शंकरपाळ्यांची बनलेली असते. वहिनींनी घेतलेल्या मापात एका पाकळीत पाच गुणिले पाच म्हणजे २५ शंकरपाळ्या, आठ पाकळ्यांच्या मिळून २००. मधल्या बिंदूपासून टोकापर्यंत रंगांची नऊ रिंगणं पडतात: ८, १६, २४, ३२, ४०, मग पुन्हा ३२, २४, १६ आणि टोकांना ८. रंगांची कल्पना वहिनींची. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात गोल झरोक्याखाली उभं राहिल्यावर खांबांची जी रिंगणं दिसतात ती त्यांच्या मनात होती. आतून उजेड आणि बाहेर जाताना गडद. मधे पिवळा, टोकांना जांभळा असं ठरलं.

घरात विरोध झाला तो सासूबाईंचा. त्यांनी आयुष्यभर वाकळा शिवल्या, कधी पट्टी हातात धरली नाही. "वाकळ काय मोजून शिवायची असती व्हय?" हा त्यांचा प्रश्न मला बिनतोड वाटला, आणि त्याच्या उत्तरातच या सगळ्या खटाटोपाचं कारण आहे. वाकळ करताना खाली लुगड्याचे थर अंथरलेले असतात, त्यावर तुकडा ठेवायचा, कड दुमडायची आणि धावदोरा घालायचा. एक तुकडा वाकडा बसला तर पुढचा तुकडा त्याच्यावर थोडा चढवता येतो. प्रत्येक तुकडा आपली चूक आपल्यापाशीच जिरवतो. चांदणीत तसं नाही. इथं तुकडा तुकड्यालाच जोडलेला असतो, खाली आधार नसतो, आणि पहिल्या शिलाईतला फरक पुढच्या प्रत्येक शिलाईच्या पदरात पडतो. शेवटी ती टेबलावर सपाट पडायला हवी. अंगावर चढवून निभावून नेण्याची सोय नाही.

तीन पट्ट्या

कापड कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक बाजारातून आलं, ३६ इंच पन्ह्याचं सुती पॉपलिन. आधी सगळं धुऊन घेतलं, कारण सुती कापड आटतं आणि प्रत्येक रंगाचं सारखंच आटेल असं नाही. ओल्या पांढऱ्या रुमालानं घासून पाहिल्यावर लाल रंगानं रुमाल गुलाबी केला. तो तिथंच बाद.

शंकरपाळ्या एकेक कापत नाहीत, आधी पट्ट्या जोडून संच करतात आणि मग तो तिरपा कापतात. वहिनींनी अडीच इंचाच्या पट्ट्या कापून पहिला संच शिवून आणला. पाच पट्ट्या शेजारी शेजारी, मधे चार शिलाया. पाव इंच दाब, म्हणजे शिलाईच्या बाहेर कडेला उरणारं कापड, धरला तर अशा संचाची रुंदी साडेदहा इंच भरायला हवी. भरली दहा. शिलाया सरळ होत्या, एकसारख्या होत्या, टाका सुरेख होता. अर्धा इंच गायब.

मी त्यांना दीड इंचाच्या तीन पट्ट्या कापून एकमेकींना जोडायला सांगितल्या. दोन्ही शिलाया बरोबर पाव इंचाच्या असतील तर मधली पट्टी एक इंच दिसते, ना कमी ना जास्त. वहिनींची मधली पट्टी सात सूत निघाली. आमच्याकडे इंचाचे आठ सूत. म्हणजे एक सूत गेलं, दोन शिलायांनी प्रत्येकी अर्धा सूत खाल्लं. हाच हिशोब पाच पट्ट्यांना लावा: चार शिलाया, प्रत्येक शिलाईत दोन बाजूंनी अर्धा अर्धा सूत, एकूण चार सूत. तोच अर्धा इंच.

कारण साधं निघालं. वहिनी मशीनच्या पायाची कड धरून शिवत, आणि त्यांच्या मशीनवर सुईपासून पायाची कड पाव इंचापेक्षा अर्धा सूत लांब आहे. ब्लाउजला दाब सढळ ठेवलेला असतो, तिथं हे कधी कळलंच नव्हतं. मग सुईपासून मोजून मशीनच्या सुईखालच्या पत्र्यावर दवाखान्यातल्या चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लावले, कापडाची कड त्याला टेकवून शिवायचं. तरीही पुढची चाचणी केसभर कमी आली. शिलाई दाबून उलटवताना घडीतच एखादा धागा जातो, म्हणून चिकटपट्टी सुईकडं किंचित सरकवावी लागली. तेव्हा कुठं इंच भरला. वहिनींनी ती तीन पट्ट्यांची चिंधी मशीनच्या खणात ठेवून दिली आहे. नवीन सुई घातली, पाय बदलला, की आधी ती चिंधी नव्यानं शिवायची.

माझ्या मते या प्रकरणाचं निम्मं काम इथंच झालं.

कातरकाम

फिरतं चाकाचं कटर आणि त्याची चटई घ्यावी का, यावर चर्चा झाली. वहिनी कात्रीवरच ठाम राहिल्या. मुलाच्या कंपासपेटीतला ४५ अंशांचा गुण्या फार लहान पडत होता, म्हणून लक्ष्मीपुरीतून दोन फुटी स्टीलची पट्टी आणली आणि जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर ४५ अंशांची तिरपी कड आखून तिचा साचा कापला. कागदी साच्याची कड चार वेळा पेन्सिल फिरवली की झिजते. फिल्म झिजत नाही आणि खालचं कापडही दिसतं.

पाच पट्ट्यांचा संच करताना प्रत्येक पट्टी मागच्यापेक्षा दोन इंच सरकवून लावतात, म्हणजे तिरपं कापताना कोपऱ्याचं कापड वाया जात नाही. मग तिरप्या कडेला समांतर, अडीच अडीच इंचांवर काप. पट्टीच्या लांबीवर असा एक काप साधारण साडेतीन इंच खातो, एका संचातून आठ तिरप्या ओळी लागतात, तेव्हा ३६ इंच पन्हा पुरतो. टाका मात्र बारीक ठेवायचा, इंचाला बाराच्या आसपास, कारण या शिलाया मधेच कापल्या जाणार असतात आणि त्यांना शेवटी उलट टाका नसतो.

दोन गोष्टींवर वहिनींची चिडचिड झाली. एक, दर दोन-तीन कापांनंतर कोन पुन्हा तपासणं. पट्टी मागच्या कापावर टेकवून पुढचा काप घेत गेलं की कोन हळूहळू सरकतो, आणि सरकताना डोळ्याला कळत नाही. दुसरी गोष्ट पेन्सिलीच्या रेघेची. रेघ कापायची, रेघेच्या आतून कापायचं की बाहेरून, हे एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच. "रेघेला बी जाडी असती हे मला आजवर सुचलंच न्हाई," त्या म्हणाल्या.

तिरपं कापलं की कड उरेब होते, आणि उरेब कापड ताणतं. यावर उपाय कांजी: कापण्याआधी कापडाला कडक खळ. इथं कोल्हापूरचा पावसाळा आडवा आला. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या येत होत्या त्या आठवड्यात खळ दिलेली पिवळी पट्टी घडीत ठेवली गेली आणि तिच्यावर बुरशीचे ठिपके आले. पिठाची खळ दमट हवेत टिकत नाही. त्यानंतर ज्या दिवशी कापायचं तेवढ्यालाच खळ, आणि इस्त्रीनं खडखडीत वाळवून लगेच कात्री, असं ठरलं.

टोकाला टोक

पाच तिरप्या ओळी जोडल्या की एक पाकळी. एका पाकळीत चार शिलाया, आठ पाकळ्यांच्या ३२, आणि प्रत्येक शिलाईवर चार ठिकाणी शंकरपाळ्यांची टोकं भेटतात. म्हणजे १२८ जोड. चौकोनी तुकड्यांत शिलाया समोरासमोर येतात, कड कडेला लावली की झालं. तिरप्या ओळींत कड कडेला लावली तर टोकं हमखास चुकतात, कारण भेट व्हायची असते ती कडेवर नाही, कडेपासून पाव इंच आत, जिथं सुई जाणार आहे तिथं.

वहिनींची बैठक मी जवळून पाहिली आहे. दोन ओळी सुलट बाजू आत करून हातात. वरच्या ओळीच्या उलट बाजूला कडेपासून पाव इंचावर पेन्सिलीचा बारीक ठिपका, बरोबर जुन्या शिलाईवर. खालच्या ओळीलाही तसाच. टाचणी वरच्या ठिपक्यातून उभी खाली, मग खालच्या ठिपक्यातून आरपार. ती टाचणी तशीच उभी राहू द्यायची, आडवी करायची नाही, कारण आडवी करताना कापड एक धागा सरकतं. उभ्या टाचणीच्या दोन्ही अंगांना दोन टाचण्या आडव्या टोचायच्या आणि मगच उभी काढायची. मशीनवर चढवल्यावर जोडाच्या अलीकडे चाक हातानं फिरवून तीन-चार टाके, सुई ठिपक्यात उतरली की नाही बघायचं, मग पुन्हा पायडल. उघडून पाहिल्यावर चार रंग एका बिंदूत आले की त्या काही बोलत नसत. नाही आले तर फक्त त्या जोडाचा इंचभर उसवायचा, अख्खी शिलाई नाही.

पहिल्या पाकळीत निम्म्याहून जास्त जोड उसवले गेले. शेवटच्या पाकळीत एखाद-दुसरा. हा फरक हाताच्या सरावाचा म्हणता येईल, पण मला तो नजरेचा वाटतो. आधी त्या शिलाईची कड बघत, आता सुई कुठं पडते ते बघतात.

आठही पाकळ्या झाल्यावर बाजू मोजली. हिशोबानं ती १४ इंच १ सूत यायला हवी: दोन इंचाच्या शंकरपाळीची बाजू २.८३ इंच, तिच्या पाच पट. वहिनींची १४ आली, पण आठही पाकळ्यांची १४. मग मोकळ्या जागेतले चार चौरस आणि चार त्रिकोण कागदावरच्या मापानं न कापता १४ धरून कापायला मी सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, हे सांभाळून घेणं नव्हे का? नव्हे. आठही सारख्याच कमी असतील तर ते नवं माप झालं. एक १४, दुसरी सव्वाचौदा असती तर मात्र सांभाळून घेणं झालं असतं.

अर्धी चांदणी

खरी परीक्षा पुढं होती. चार पाकळ्यांची एक अर्धी चांदणी, अशा दोन. चार वेळा ४५ म्हणजे १८०, तेव्हा अर्ध्या चांदणीची कड सरळ रेघ हवी. पहिल्या अर्ध्या भागाला स्टीलची पट्टी लावली, कड चिकटून बसली. दुसऱ्याला लावली तर मधला बिंदू पट्टीला टेकला आणि दोन्ही टोकं वर राहिली. कोन कमी भरला होता. असे दोन भाग जोडले तर आठ कोनांची बेरीज ३६० होत नाही आणि मधे टोपी उठते. उलट, बेरीज जास्त झाली तर मधला भाग सपाट बसतो आणि बाहेरच्या कडा लाटा मारतात. टोपी कितीही इस्त्री केली तरी बसत नाही.

शिलाया तपासल्या, बरोबर होत्या. मग एकेका पाकळीचे दोन्ही कर्ण मोजले, शिलाईच्या रेघेपासून रेघेपर्यंत. १४ इंच बाजूच्या पाकळीचा लांब कर्ण २५ इंच ७ सूत आणि आखूड कर्ण १० इंच ६ सूत यायला हवा. दोन पाकळ्या लांबीला वाढलेल्या आणि रुंदीला कमी होत्या. म्हणजे शिवताना नव्हे, नंतर ताणल्या गेल्या होत्या. त्या दोन पाकळ्या वहिनींच्या मुलीनं इस्त्री केल्या होत्या, हौसेनं, मधल्या टोकापासून बाहेरच्या टोकाकडं सर्रकन ओढत. जोडकामाला इस्त्री फिरवायची नसते. ठेवायची, दाबायची, उचलायची.

उपाय जुनाच आहे. दोन्ही पाकळ्या उसवून सुट्या केल्या. जाड चादरीवर पाकळीचा खरा आकार आखला, पाकळी ओलसर करून आखलेल्या रेघेला टाचण्यांनी बसवली, आखूड बाजूला हलकेच ओढून घेतलं आणि तशीच वाळू दिली, मग वरून दाबून इस्त्री. दुसऱ्या दिवशी कर्ण जुळले. मुलीला कुणी रागावलं नाही, पण इस्त्री मात्र वहिनींकडंच राहिली.

दोन अर्धे जोडताना मधल्या बिंदूपासून सुरुवात करून आधी एका टोकाकडं, मग दुसऱ्या टोकाकडं शिवलं. मागच्या बाजूचे आठही दाब एकाच दिशेला, घड्याळाच्या काट्याप्रमाणं फिरवून दाबले. समोरासमोर दाबले असते तर मधे कापडाचा गोळा झाला असता.

चौरस आणि त्रिकोण बसवणं वहिनींना सोपं गेलं, कारण ब्लाउजच्या बगलेत पेटी बसवायची त्यांना सवय होती. आतल्या कोपऱ्यात पाव इंच आधी थांबायचं, उलट टाका घ्यायचा, कापड वळवायचं. तिथं मी काहीच शिकवलं नाही. एका चौरसाच्या कोपऱ्यात मात्र जांभळ्या शंकरपाळीचं टोक शिलाईत खाल्लं गेलं आहे, दिसतं. ते उसवावं का, यावर त्यांनी पट्टी लावली, एक सूत निघालं, आणि उसवायचं नाही असं ठरवलं. मला तो निर्णय पटला. दोन उरेब कडा दुसऱ्यांदा उसवल्या असत्या तर त्रिकोणच लाटा मारू लागला असता.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत काम बासनात. ब्लाउजच्या गिऱ्हाइकांची रांग असताना चांदणीला कोण विचारतो.

थंडीत सहा इंचाची किनार लागली आणि गोधडी जवळपास पाच फूट चौरस झाली. मधला थर म्हणून दुकानातलं पॉलिस्टरचं पॅडिंग न घेता सासूबाईंचं मऊ पडलेलं सुती नऊवारी दुहेरी करून घातलं, खाली मळखाऊ अस्तर. कच्चे टाके मधून बाहेर. पुढचं काम सासूबाईंनी जवळजवळ हिसकावून घेतलं. प्रत्येक रिंगणाच्या शिलाईला समांतर त्यांचा धावदोरा चालला, पट्टी न लावता, आणि तो सुनेच्या पेन्सिलीच्या रेघांपेक्षा सरळ आहे. मधल्या बिंदूवर कापडाचे इतके थर आहेत की सुई जात नाही. त्या तिथून वळसा घालून गेल्या.

हातात काय आलं

तीन ठिकाणी फरक दिसतो. चेक्सच्या कापडाला वहिनी आता दाबाच्या रेघेवर चौकडा जुळवतात, कडेवर नाही. इस्त्रीचा वेग कमी झाला आहे आणि कॉलरची टोकं सारखी येऊ लागली आहेत. तिसरा फरक कळ्यांचा, त्याबद्दल पुढं. हातशिलाई होती तशीच आहे, तुरपाई आजही ढोबळ. शिवण्याचा वेग तर थोडा उतरला, आणि हंगामात ते परवडत नाही अशी त्यांची कुरकुर चालू आहे. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. साध्या अस्तराच्या ब्लाउजला चिकटपट्टी लावून शिवण्याची गरजही नाही, हे मी त्यांना सांगितलं आहे.

परवा सोळा कळ्यांच्या अनारकलीची ऑर्डर आली. वहिनींनी कापड कापण्याआधी वहीत आकडे मांडले: एका शिलाईत प्रत्येक बाजूला अर्धा सूत, एका कळीला दोन बाजू, म्हणजे कळीमागं एक सूत; सोळा कळ्यांचे सोळा सूत, दोन इंच. गेली कित्येक वर्षं शेवटच्या कळ्या उसवून त्या कमरेत काढत होत्या तेही साधारण तेवढंच. वही माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या, "ह्ये बघा बाई, कुठं जात हुतं ते घावलं." मग खणातून तीन पट्ट्यांची चिंधी काढली आणि शिवायला बसल्या.